तळ्यावर कोण आलंय

काका पाखराकडे कधी बघायचा नाही. परसातल्या तळ्यावर बगळा येऊन बसो, खंड्या बसो नाहीतर पाणकावळा, काकाची मान खालीच. तो पाण्यात बघायचा, दोन-तीन श्वास थांबायचा आणि सांगून मोकळा व्हायचा, ढोकरी हाय. आम्ही मुलं वर बघायचो, तर काठच्या मोठ्या भेंडीच्या झाडाच्या मुळावर मान खांद्यात घालून खरोखरच ढोकरी बसलेली असायची. गावात त्याला खालमान्या म्हणायचे. हा शब्द आपल्याकडे लबाड माणसाला लावतात, आणि काकाइतका सरळ माणूस आमच्या अख्ख्या पंचक्रोशीत दुसरा नव्हता. पण नाव पडलं ते पडलं. त्याचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं.

आमचं गाव खारेपाटात, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. ज्यांनी आमच्याकडचं परस पाहिलंय त्यांना तळं म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. घरामागे तळं खणलेलं असतं, ते पावसाच्या पाण्यानं भरतं, आणि पावसाळ्याच्या शेवटी खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं आणून त्यात सोडतात. मग दोन-तीन वर्षं त्यांना पोसायचं. घरात लग्न निघालं, जावई आला, मुलगा पास झाला की त्यातला एक काढायचा. बाजारातून आणलेल्या माशाला मासा म्हणतात, तळ्यातल्याला आमची माणसं 'आपला' म्हणतात. त्यामुळे तळ्यावर कोण येऊन बसलंय याची काळजी अख्ख्या घराला, आणि आमच्या घरात ते बघण्याचं काम माझ्या धाकट्या काकाचं. त्यानं लग्न केलं नाही, नोकरी केली नाही. बांधावर भेंडीच्या सावलीत त्याची एक बसकी जागा होती, तिथली माती त्याच्या बसण्यानं खोलगट झाली होती. आमच्याकडे काकाला अरेतुरेच करतात, तेव्हा मीही तेच करणार आहे.

त्याची विद्या सगळी माशांवरून होती. पाखराला बघून पाखरू कोणीही सांगेल, त्यात काय मोठं, असं त्याचं म्हणणं. पाणकावळा उतरला की मासे घाबरून पाण्याबाहेर उड्या मारतात. लहान बगळा काठाकाठानं पाय हलवत चालतो, तेव्हा तिथे तिथे चिखलाचा धूर उठतो. मोठा राखी बगळा आला की मासे तळाला जातात आणि पाणी सकाळभर मेल्यासारखं पडून राहतं. ढोकरी दिसली तर मासे फक्त हातभर लांब सरकतात, कारण ढोकरीची पोच तेवढीच. खंड्याचं मात्र माशांना आधी काही कळत नाही, आणि कळतं तेव्हा एक कमी झालेला असतो. ढोकरीबद्दल तो नेहमी म्हणायचा, "बसली की चिखल, उडाली की चादर." बसलेली ढोकरी मातकट असते, शोधूनही सापडत नाही, आणि उडाली की पंख एकदम पांढरेशुभ्र. मी पाच-सहा वर्षांची असताना ढोकरी उडवून बघायचा मला नादच लागला होता. काका रागवायचा नाही, फक्त डोळे मिटून घ्यायचा.

तो वर का बघत नाही, हे मला पाचवीत असताना कळलं. त्या वर्षी माझे वडील आजारपणात गेले. दहाव्याला कावळा शिवला, बाराव्या-तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे परत गेले, तरी आमच्या घरातलं काम पुरं झालं नव्हतं. आमच्या आळीतल्या चार-पाच घरांत एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही. घरातलं माणूस गेलं की ते एकदा तळ्यावर येतं, आपला वाटा न्यायला. पाखराच्या रूपानं येतं. कधी येईल त्याचा नेम नाही, कुठलं पाखरू त्याचाही नेम नाही. ते आलं की त्याला हाकलायचं नाही. वीतभर जिताडा काढायचा, काठावरच्या सपाट दगडावर ठेवायचा आणि पाठ फिरवून घरात यायचं. वाटा मिळाला की ते जातं आणि पुन्हा येत नाही.

आता रोज तळ्यावर दहा पाखरं येतात, त्यातलं ते कुठलं, हे ओळखायचं कसं? तिथे काका लागायचा. त्याची खूण एकच होती, आणि ती सांगताना त्याचा आवाज खाली जायचा. "ज्याला मासं भीत न्हायत, त्ये पाखरू न्हाय."

बाबांना जाऊन सतरा-अठरा दिवस झाले असतील. संध्याकाळी आई तुळशीपाशी दिवा लावत होती आणि काकानं बांधावरून हाक दिली, "वैनी, भाऊ आला." बाबांना तो भाऊ म्हणायचा. आम्ही धावत गेलो. पाण्याच्या कडेला राखी बगळा उभा होता, उंच, एका पायावर. एरवी राखी बगळा आला की तळाला जाणारे आमचे जिताडे त्याच्या पायाशी गोळा झाले होते. शेपट्या हलत नव्हत्या, नुसते वर तोंड करून थांबले होते. मी बगळ्याच्या तोंडाकडे मान वर करणार एवढ्यात काकाचा हात माझ्या डोळ्यांवर आला. त्या हाताला तळ्याचा वास होता. तो म्हणाला, "त्याच्या डोल्यात बगू नको, बाय. त्यानं वलख दिली की आपलं पाय निगत न्हायत."

काकानं पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकून जिताडा काढला, दगडावर ठेवला. आम्ही पाठ फिरवून घरात आलो. सकाळी दगड धुतल्यासारखा स्वच्छ होता, त्यावर एक खवलासुद्धा नव्हता. त्या दिवशी आई बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा पोटभर जेवली, मला आठवतं, दोनदा भात घेतला. काकाच्या एका शब्दानं आमच्या घरातलं मरण पुरं झालं होतं.

मोठी झाल्यावर मी त्याला विचारलं, तुला कोणी ओळख दिली होती का? तो म्हणाला, "आय व्हती." त्याची आई, म्हणजे माझी आजी, तो आठ वर्षांचा असताना गेली. तो वर बघून बसला होता. काय दिसलं, ते त्यानं कधी सांगितलं नाही. पण तेव्हापासून तो गावाबाहेर एक रात्र राहिला नाही, एवढं खरं. बोर्ली पंचतनला आतेबहिणीचं लग्न होतं, तर हा मुहूर्ताला पोचला, अक्षता टाकल्या आणि जेवण पानावर टाकून मिळेल त्या एस.टी.नं परत. आत्या वर्षभर बोलली नाही त्याच्याशी. आम्ही हसायचो. मला आता वाटतं, आम्ही नको होतं हसायला.

हसण्यावरून आठवलं. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मुंबईच्या एका साहेबांनी बंगला बांधला. अंगणात कमळांचं तळं, त्यात रंगीत मासे, आणि मासे रोज एकेक कमी होत चाललेले. साहेबांचा संशय गवतात फिरणाऱ्या गायबगळ्यांवर होता. कोणीतरी सांगितलं, खालमान्याला बोलवा. काका गेला, मीही बरोबर होते. त्यानं पाण्यात बघितलं आणि सांगितलं, गायबगळा तुमच्या गवतातले टोळ खातोय, त्याला कशाला बोल लावता, चोर लहान बगळा आहे, हे बघा काठाकाठानं त्याच्या पायांनी गढूळ झालेलं पाणी. साहेब खूश झाले. बगळे घाबरावेत म्हणून आपण काय केलंय ते दाखवायला त्यांनी आम्हाला तळ्याच्या पलीकडे नेलं. तिथे प्लास्टिकचा राखी बगळा उभा होता, हुबेहूब. त्याच्या पायाशी तांबडे-पिवळे मासे निवांत गोळा झाले होते.

काका माझा हात धरून मागे सरकला. मी समजावलं, अरे ते खेळणं आहे, मासे कशाला भितील त्याला. त्यालाही ते कळत होतं, तो काही वेडा नव्हता. पण त्यानं साहेबांना हात जोडून सांगितलं, "ह्याला काडून टाका. रिकामी जागा मांडून ठेवली की कोनतरी येऊन बसतं." साहेबांनी मान डोलावली आणि काढला नाही. चार महिन्यांनी बंगल्याला कुलूप लागलं. साहेबांच्या बाईंना तिथे करमत नाही, एवढंच कानावर आलं. तो प्लास्टिकचा बगळा अजून तिथे आहे. तळं आटलं तरी उभा आहे.

आता सुनीलदादाचं सांगायला हवं. ते टाळत टाळत मी इथवर आले.

सुनीलदादा माझा सख्खा मोठा भाऊ. काकानंच त्याला पोहायला शिकवलं, पाग टाकायला शिकवलं, खांद्यावर घेऊन वाढवलं. पाच वर्षांपूर्वी श्रावण संपता संपता तो होडी घेऊन खाडीत चिंबोऱ्या धरायला गेला आणि परत आला नाही. होडी कांदळवनात अडकलेली मिळाली, आत त्याच्या चपला, कोरड्या. आठ दिवस माणसं शोधत होती. तो मिळाला नाही. मी तेव्हा माणगावला शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. पोरांना भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवायची आणि शनिवारी घरी येऊन त्याच भरतीकडे बघत बसायचं, असे दिवस होते ते.

महिन्यानं जाणती माणसं ओटीवर येऊन बसली. देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तसं करून घ्या, असं त्यांनी आईला समजावलं. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तल्यावर आला न्हाय तवर मी काय करनार न्हाय." सगळे काकाकडे बघायला लागले. काका जमिनीकडे बघत होता.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला आई मागच्या दारात उभी राहून विचारायची, "भावजी, तल्यावर कोन आलंय?" आणि बांधावरून काका सांगायचा, खंड्या हाय, वैनी. लहान बगला हाय. आज कोन न्हाय. आई हूं म्हणून आत वळायची, आणि तिच्या खांद्यांवरून कळायचं की अजून एक दिवस मिळाला. पाखरू आलं नाही म्हणजे सुनील कुठेतरी आहे. चिपळूणला आहे, गुजरातेत एखाद्या बोटीवर आहे, डोक्याला मार लागून नाव विसरलाय. माझ्या आईचा मुलगा जिवंत आहे की नाही, हे काकाच्या शब्दावर टांगलं होतं.

होळीच्या आसपासची गोष्ट. मी घरी होते, काकाजवळ बांधावर बसले होते. भेंडीच्या मुळावर एक मातकट पाखरू येऊन बसलं, मान खांद्यात घालून. काका पाण्यात बघत होता. दोन-तीन श्वास झाले, दहा झाले. दारातून आईचा प्रश्न आला. काका म्हणाला, "ढोकरी हाय, वैनी." आवाज नेहमीचा. आई आत गेली. थोड्या वेळानं पाखरू उडालं, आणि मी सवयीनं वर बघितलं. पंख पांढरे नव्हते. मातकट पाखरू मातकटच उडत खाडीकडे गेलं.

मी पाण्यात बघितलं. आमचे सगळे जिताडे त्या मुळाशी येऊन थांबले होते, तोंडं वर करून, शेपट्या न हलवता. पाखरू गेलं तरी ते तिथून हलले नाहीत.

मला भीती वाटली. विज्ञानाची बाई आहे म्हणून खोटं कशाला बोलू. माणगावला जाऊन मी पाखरांचं जाडजूड पुस्तक मिळवलं आणि रात्रीचं जेवण बाजूला ठेवून पानं उलटत बसले. रातबगळ्याचं पिल्लू सापडलं. मातकट रंग, अंगावर पांढरट ठिपके, बसण्याची ढब ढोकरीसारखी, भलेभले फसतात. उडताना मात्र पंखात पांढरं नाही. आणि रातबगळे संध्याकाळीच बाहेर पडतात. मला रडूच आलं, इतकं बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी पुस्तक काकापुढे ठेवलं. चित्रातलं पाखरू बघायला त्याची हरकत नव्हती. त्यानं बोट फिरवत सगळी पानं पाहिली, जांभळ्या बगळ्याची मान बरोबर काढलीय म्हणून चित्रकाराचं कौतुक केलं. रातबगळ्याच्या पिल्लावर थांबला. हेच आहे ते, म्हणाला, अगदी असंच दिसतं. मी म्हटलं, मग झालं तर. त्यानं पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. "मासं काय करतात, त्ये लिवलंय काय ह्याच्यात?"

ते काही लिहिलेलं नव्हतं.

मी चिडले. म्हटलं, तो सुनीलदादा असेल तर त्याचा वाटा का देत नाहीस? रोज आईशी खोटं का बोलतोस? काका म्हणाला, "वाटा दिला की जातो, बाय. भाऊला दिला, भाऊ परत आला काय कवा? आपन नावच घ्यायचं न्हाय. ढोकरी म्हनायचं. ढोकरी रोज येते."

"आणि तो उपाशी राहतो त्याचं काय?"

"त्ये दिसतंय मला," तो म्हणाला. "थोडं दीस. थोडं दीस ऱ्हाऊ दे."

थोडे दिवस चार वर्षं चालले. त्या पाखराचं पिल्लूपण कधी सरलं नाही. पुस्तकात लिहिलंय की दोन-तीन वर्षांत रातबगळ्याचा मातकट रंग जातो, पाठ काळी होते, डोळे लाल होतात. आमच्या भेंडीवरचं पाखरू जसंच्या तसं राहिलं. दरवर्षी नवं पिल्लू येत असेल, असं मी स्वतःला सांगायचे. पण चार वर्षांत त्यानं तळ्यातला एक मासा खाल्ला नाही, त्याचं काय सांगणार? शेजारी म्हणायचे, तुमचं तळं नशीबवान आहे, माशाचं एक पिल्लू कमी होत नाही. सगळ्यांनी तळ्यांवर जाळ्या टाकल्या, आमचं एकट्याचं तळं उघडं होतं. काकानं जाळी टाकू दिली नाही.

तो त्या पाखराशी बोलायचा, मान खाली घालून, पाण्याकडे बघून. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, फळी कुजलीय, नवी बसवायला हवी. कोणाचा टेम्पो कुठे उलटला. क्रिकेटची मॅच काय झाली, ही माहिती तो दुपारी खास दुकानात जाऊन घेऊन यायचा, स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नसताना, कारण सुनीलदादाला क्रिकेटचं वेड होतं. आणि रात्री पानावर बसला की दोन घास खाऊन उठायचा. आई आग्रह करायची, तो भूक नाही म्हणायचा. पहिल्यांदा मला वाटलं तब्येत बरी नाही. मग कळलं. पुतण्याला उपाशी ठेवून त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. द्यायचं धाडस नव्हतं आणि जेवायचं मन नव्हतं, असा तो चार वर्षांत वाळून गेला. मला त्याचा इतका राग यायचा आणि इतकी माया यायची की मी माणगावला परत जाताना त्याच्याशी नीट बोलायचेही नाही.

शेवटच्या भेटीत मात्र तोच बोलला. मी निघाले होते, पिशवी खांद्याला लावलेली. तो म्हणाला, "मी नसलो तर वैनी तुला इचारल. काय सांगायचं, त्ये तू ठरव." मी म्हटलं, कुठे चाललायस, तू तर बोर्लीला रात्र काढत नाहीस. तो हसला. पुढचे दात पडले होते त्याचे.

गेल्या कार्तिकात तो गेला. बांधावर, आपल्या जागेवर बसल्या बसल्या. दुपारी केव्हातरी गेला असावा. मान नेहमीसारखीच खाली, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाला काही वेगळं दिसलं नाही. एकीनं तर त्याला विचारलं म्हणे, चहा घेतलास का, आणि उत्तराची वाट न बघता पुढे गेली. दिवेलागणीला आई दारात आली आणि तिनं विचारलं, भावजी, तल्यावर कोन आलंय? उत्तर आलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. मग तिला कळलं.

मी रजा काढून राहिले. दहावा झाला, तेरावा झाला. संध्याकाळी आई दारात यायची, पण काही विचारायची नाही, नुसती उभी राहून आत जायची. पंधराव्या दिवशी मी जाऊन काकाच्या जागेवर बसले. माती माझ्यासाठी खोल होती. समोर भेंडीच्या मुळाची सावली पाण्यात पडली होती. मी ठरवून मान खाली ठेवली.

आधी मासे आले. कुठूनतरी एकेक करत काठाशी जमले, तोंडं वर करून थांबले. पाणी इतकं निश्चल झालं की आभाळाचा शेवटचा उजेड त्यात जसाच्या तसा राहिला. मग त्या उजेडात मान खांद्यात घातलेली एक मातकट आकृती दिसली. मागे दार वाजलं.

"बाय, तल्यावर कोन आलंय गं?"

काय सांगायचं ते मी ठरवलं होतं. माणगावहून येताना सगळ्या वाटेत ठरवलं होतं की खरं सांगेन, हा खेळ पुरे. आणि तोंडातून निघालं, "ढोकरी आहे, आई."

आई आत गेली नाही. ती पायऱ्या उतरून आली, हळूहळू बांधावर येऊन माझ्यामागे उभी राहिली. तिच्या हातात पाग होतं. खुंटीवरचं, काकाचं.

"ढोकरी उडाली की पांढरी व्हते," ती म्हणाली. "चालीस वर्सं ह्या परसात भांडी घासते मी. मला शिकवता व्हय?"

मी एवढंच विचारलं, मग इतकी वर्षं तू का बोलली नाहीस?

"भावजींना सांगायचं नव्हतं. मला आयकायचं नव्हतं. मंग चाललं." तिनं पाग माझ्या मांडीवर ठेवलं. "आता पुरे. दोगंबी उपाशी हायत. एक न्हाय, बाय. दोन काड."

मी पाण्यात बघितलं. भेंडीच्या मुळाची सावली तशीच होती आणि तिच्यावर दोन आकृत्या होत्या, एकमेकींना लागून. दुसरी जरा मोठी होती आणि तिची मान खाली होती. वर मुळावर किती होती ते मी बघितलं नाही. काकानं सांगितलं होतं म्हणून नाही. ओळख मिळाली असती तर मला उठावंसंच वाटलं नसतं.

मी पाग टाकलं. मासे हलले नाहीत, पाग जणू त्यांच्यासाठी नव्हतंच. दोन वीतभर जिताडे काढले, सपाट दगडावर शेजारी शेजारी ठेवले. आईनं माझा हात धरला, आम्ही पाठ फिरवली आणि घरात आलो. दार लावताना मागे पंख फडफडल्यासारखे झाले, एकदा, मग पुन्हा एकदा. आईनं चुलीपाशी बसून ताट वाढून घेतलं. जेवता जेवता रडली, रडता रडता जेवली. ताटातलं सगळं संपवून मग म्हणाली, उद्या भटजींना निरोप धाड, सुनीलचं करून घेऊ.

आता आमच्या तळ्यावरही जाळी टाका म्हणून शेजारी मागे लागलेत. अजून टाकलेली नाही. मी शनिवारी घरी जाते, संध्याकाळी काकाच्या जागेवर बसते, आणि आई दारातून विचारते, तल्यावर कोन आलंय. मी वर न बघता पाण्यात बघून सांगते, ढोकरी आहे. आणि ती खरोखरच ढोकरी असते. ती मुळावर उतरते तेव्हा मासे हातभर लांब सरकतात, आणि मला त्या माशांचा फार राग येतो.